ॲनाप्लास्टिक थायरॉईड कॅन्सर: पहिल्या दोन आठवड्यांत घरच्यांनी काय करायचं

‘थायरॉईडचा ना? मग काही काळजी करू नका, तो बरा होतो. आमच्या वहिनींना झाला होता, आयोडीन दिलं आणि आज दहा वर्षं ठणठणीत आहेत.’ थायरॉईड कॅन्सरची बातमी घराबाहेर गेली की असा एक तरी फोन येतो. फोन करणाऱ्याचं चूक नसतं. थायरॉईडचे बहुतेक कॅन्सर पॅपिलरी किंवा फॉलिक्युलर जातीचे असतात. ते सावकाश वाढतात आणि उपचारांना चांगली दाद देतात. पण रिपोर्टवर ‘ॲनाप्लास्टिक’ असं लिहिलेलं असेल, तर वहिनींचा अनुभव इथे लागू होत नाही. थायरॉईडच्या शंभर कॅन्सरांमध्ये हा जेमतेम एक किंवा दोन. तरीही थायरॉईड कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंमध्ये त्याचा वाटा फार मोठा आहे, कारण तो महिन्यांत नाही, आठवड्यांत वाढतो.

म्हणून या आजारात कामं एकामागून एक करून चालत नाही. ‘आधी हा रिपोर्ट येऊ दे, मग ती तपासणी, मग मुंबईचं बघू’ हा आपला नेहमीचा क्रम इतर आजारांत खपतो. इथे तपासण्या, मोठ्या केंद्रात नोंदणी, श्वासाची काळजी आणि घरातलं बोलणं, सगळं एकाच आठवड्यात सुरू व्हावं लागतं. उपचार कोणता, हे डॉक्टर ठरवतील. पण काय मागायचं आणि कधी मागायचं हे घरच्यांना माहीत असलं, तर बरेच दिवस वाचतात.

शंका कधी घ्यायची

हा आजार बहुतेक वेळा साठीच्या पुढे होतो, बायकांमध्ये थोडा जास्त. पुष्कळ पेशंटना वर्षानुवर्षांचा गलगंड असतो, किंवा पूर्वी साधा थायरॉईड कॅन्सर होऊन गेलेला असतो. आयोडीनयुक्त मीठ घराघरांत पोचण्याआधी डोंगराळ भागांत गलगंड सर्रास दिसे. त्या पिढीतल्या अनेक बायकांनी गळ्यावरची गाठ ‘दुखत तर नाही, मग राहू दे’ म्हणत तशीच वागवली. त्यातल्या बहुतेकींना काहीही होत नाही, हेही खरं. काळजी करायची ती जुनी गाठ अचानक बदलली तर: दोन-चार आठवड्यांत डोळ्यांना दिसेल इतकी वाढली, दगडासारखी कडक झाली, घोट गिळताना वर-खाली सरकेनाशी झाली, आवाज बसला तो सुटेचना, पाणी पिताना ठसका लागू लागला, घास अडकू लागला.

श्वास आत घेताना घशातून शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज येत असेल, किंवा आडवं झाल्यावर गुदमरायला होत असेल, तर ओपीडीची तारीख बघत बसू नका. कान-नाक-घसा सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघेही असतील अशा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत थेट जा. जाताना पेशंटला बसवूनच न्या, झोपवू नका.

गाठीवर लेप, तेलमालीश, गरम शेक यांपैकी काही करू नका. त्याने गाठ ओसरत नाही आणि त्यात हातचे आठवडे निघून जातात.

तुकडा: सगळं इथून सुरू होतं

सोनोग्राफीनंतर सहसा सुईची तपासणी होते, म्हणजे एफएनएसी. साध्या थायरॉईडच्या गाठींसाठी ती उत्तम. पण ॲनाप्लास्टिक गाठीचा बराच भाग आतून मेलेला असतो. सुई तिथेच गेली, तर रिपोर्ट ‘निदान करण्याइतकं मटेरियल नाही’ असा येतो. मग पुन्हा एफएनएसी, पुन्हा आठ दिवस. गाठ झपाट्याने वाढत असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा: ‘जाड सुईने तुकडा घेता येईल का?’ कोअर बायोप्सीत पेशींचा अख्खा तुकडा मिळतो आणि पुढच्या सगळ्या चाचण्या त्याच तुकड्यावर करता येतात.

तुकडा नीट असण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. इतक्याच वेगाने वाढणारा दुसरा एक आजार थायरॉईडमध्ये होतो: लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर. पुष्कळदा तो हाशिमोटो नावाचा थायरॉईडचा जुना आजार असलेल्यांना होतो. बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसतात. पण लिम्फोमा औषधांनी आणि रेडिएशनने बऱ्याचदा आटोक्यात येतो, त्यासाठी मोठं ऑपरेशन लागत नाही, आणि पुढचं चित्र कितीतरी बरं असतं. हा फरक इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणजे आयएचसी या चाचणीतून कळतो. श्वासाचा धोका नसेल, तर बायोप्सीआधी कुणी सूज उतरवायला म्हणून स्टिरॉइड सुरू करत असल्यास ‘तुकडा घेतल्यावर दिलं तर चालेल का’ असं विचारा. लिम्फोमा स्टिरॉइडने वितळू लागतो आणि मग निदान अवघड होतं. श्वास अडत असेल, तर मात्र आधी श्वास. निदानाचं नंतर बघू.

तुकडा ज्या दिवशी निघेल त्याच दिवशी बीआरएएफ चाचणी मागा. ॲनाप्लास्टिकच्या साधारण शंभरातल्या चाळीस-पंचेचाळीस पेशंटमध्ये ‘बीआरएएफ व्ही६००ई’ हा जनुकातला बदल सापडतो, आणि त्यावर गोळ्या आहेत. हा बदल दोन-तीन मार्गांनी शोधता येतो. आयएचसीमध्ये व्हीई१ नावाची अँटिबॉडी वापरली तर उत्तर काही दिवसांत मिळतं. अनेक जनुकांचं पॅनेल, ज्याला एनजीएस म्हणतात, ते अधिक सखोल असतं, पण त्याला आठवडे लागतात. रक्तातूनही हा बदल शोधता येतो. त्याला लिक्विड बायोप्सी म्हणतात. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: बीआरएएफचं उत्तर आधी झटपट मिळवा, पॅनेल मागून येऊ दे. आपल्याकडे अनेकदा ‘आधी हिस्टो रिपोर्ट (तुकड्याचा मुख्य रिपोर्ट) येऊ दे, मग बघू’ असं होतं. तुम्ही नम्रपणे पण ठामपणे विचारा.

लॅबमधून कागदी रिपोर्टबरोबर स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला तुकडा, हेही ताब्यात घ्या. मोठं रुग्णालय तुकडा स्वतः पुन्हा तपासतं. नुसता कागद घेऊन गेलात, तर ब्लॉक आणायला कुणाला तरी परत गावी पळावं लागतं. ब्लॉक मेणाचे असतात. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका.

त्याच आठवड्यात उरकायच्या तपासण्या

मान आणि छातीचा कॉन्ट्रास्ट सीटी, शक्य असेल तर पेट-सीटी, आणि मेंदूचा एमआरआय. निदानाच्या वेळीच जवळपास निम्म्या पेशंटमध्ये आजार दूर, बहुतेकदा फुप्फुसांत, पोचलेला असतो. हाडांत आणि मेंदूतही जाऊ शकतो. ‘कॉन्ट्रास्टमध्ये आयोडीन असतं, त्याने पुढच्या आयोडीन उपचाराला अडथळा येतो’ असं कुणी सांगेल. साध्या थायरॉईड कॅन्सरमध्ये त्यात तथ्य आहे. ॲनाप्लास्टिक पेशी आयोडीन घेतच नाहीत, म्हणून इथे त्या आयोडीन उपचाराचा, म्हणजे रेडिओआयोडीनचा, उपयोग नाही आणि कॉन्ट्रास्टची धास्तीही नको.

नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरयंत्राची तपासणी आवर्जून होऊ द्या. एक स्वरतंतू लुळा पडला आहे की दोन्ही, श्वासाची वाट किती उरली आहे, हे तिथेच कळतं. रक्तात नेहमीच्या चाचण्यांबरोबर टीएसएच आणि कॅल्शियम. पुढे गोळ्या किंवा केमो द्यायची शक्यता असेल, तर हृदयाचा टूडी इकोही आत्ताच करून ठेवावा.

स्टेजबद्दल एक गोष्ट. या आजारात प्रत्येक पेशंटची स्टेज चारच लिहिली जाते. गाठ थायरॉईडपुरती असेल तर ४ए, बाहेरच्या भागात किंवा गळ्यातल्या लसिकाग्रंथींत गेली असेल तर ४बी, दूरच्या अवयवांत गेली असेल तर ४सी. रिपोर्टवर ‘स्टेज ४’ बघून घरात रडारड सुरू होण्याआधी पुढचं अक्षर विचारा. ४ए आणि ४सी यांचे मार्ग फार वेगळे आहेत.

कुठे जायचं

जिथे हेड-नेक सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर, केमोचे डॉक्टर आणि त्रास कमी करणारी पॅलिएटिव्ह टीम एकत्र बसून केस बघतात, तिथे. त्या बैठकीला ट्यूमर बोर्ड म्हणतात. परळचं टाटा मेमोरियल, १९४१ साली सुरू झालेलं, हे आपल्याकडचं पहिलं नाव. खारघरचं ॲक्ट्रेक हा त्याच संस्थेचा भाग. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे. गोव्यात सुरुवात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातून होते. देशभरातली कॅन्सर रुग्णालयं २०१२मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने जोडलेली आहेत. त्यामुळे तुमच्या जवळचं केंद्र ग्रिडमध्ये आहे का हेही बघा. कधी कधी रेडिएशन घराजवळ घेता येतं.

मोठ्या रुग्णालयात फाइल काढताना गर्दी असते आणि ‘थायरॉईड’ म्हटलं की तारीख लांबची मिळू शकते. म्हणून काउंटरवर पहिल्या वाक्यातच सांगा: ‘ॲनाप्लास्टिक आहे, गाठ आठवड्यात वाढली, श्वासाचा त्रास आहे.’ गावच्या डॉक्टरांनी तिथल्या डॉक्टरांना फोन केला तर फार फरक पडतो. ही विनंती करायला संकोचू नका. दुसरं मत जरूर घ्या, पण ते पहिल्या ठिकाणची तयारी चालू ठेवून.

वेगाला किती किंमत आहे याचा दाखला अमेरिकेत ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन रुग्णालयाचा आहे. त्यांनी २०१४ पासून फक्त या आजारासाठी एक झटपट यंत्रणा उभी केली. २०००–२०१३ या काळात त्यांच्याकडे वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण ३५ टक्के होतं, २०१७–२०१९ मध्ये ते ५९ टक्क्यांवर गेलं. हे आकडे तिथवर पोचू शकलेल्या पेशंटचे आहेत, सरसकट सगळ्यांचे नाहीत. जगभरचं जुनं चित्र सरासरी पाच-सहा महिन्यांचं आणि पाचातला एक जण वर्ष ओलांडतो असं होतं. दोन्ही आकडे माहीत असावेत. नुसता एकच धरून बसलं की एक तर खोटी आशा लागते, नाही तर हातपाय गळतात.

उपचाराच्या वाटा

बीआरएएफ पॉझिटिव्ह असेल, तर डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या दोन गोळ्यांची जोडी. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने तिला या आजारासाठी मे २०१८मध्ये मान्यता दिली. ज्या अभ्यासावर ही मान्यता उभी आहे, त्यातल्या ३६ पेशंटपैकी ५६ टक्क्यांमध्ये गाठ लक्षणीय लहान झाली आणि निम्मे पेशंट साडेचौदा महिन्यांहून जास्त जगले. आता अनेक केंद्रं आधी गोळ्यांनी गाठ आकसवतात, मग ऑपरेशन, मग रेडिएशन असा क्रम लावतात. सुरुवातीला ‘काढता येणार नाही’ असं सांगितलेली गाठ काही जणांत अशी काढता येते. म्हणून ऑपरेशनला पहिल्या दिवशी मिळालेला नकार कायमचा समजू नका. महिन्याभराने पुन्हा विचारा.

बीआरएएफ निगेटिव्ह असेल आणि गाठ पूर्ण निघण्यासारखी असेल, तर आधी ऑपरेशन आणि जखम भरताच रेडिएशन, बरोबर केमो. गाठ अर्धीमुर्धी कापून ठेवण्यात फायदा नसतो, उलट जखम भरण्यात वेळ जातो. पॅनेलमध्ये एनटीआरके, आरईटी किंवा एएलके या जनुकांतला बदल निघाला तर त्यांच्यावरही वेगळ्या गोळ्या आहेत. असे पेशंट थोडे. इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधांचा, काही जणांना उपयोग होतो. चालू क्लिनिकल ट्रायलबद्दल, म्हणजे नव्या उपचारांच्या चाचणीबद्दल, पहिल्याच भेटीत विचारा.

रेडिएशन पूर्ण द्यायचं तर आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे. पहिल्या दिवशी चेहऱ्याच्या मापाचा मास्क बनतो. बंद जागेची भीती वाटणाऱ्या पेशंटना आधी सांगून ठेवा. दात आधी दाखवून घ्या. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून घसा सोलल्यासारखा होतो आणि खाणं बंद पडू लागतं. आजार फार पसरलेला असेल, तर फक्त त्रास कमी करण्यासाठी पाच दिवसांचा छोटा कोर्सही देतात. तो सुचवला म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले असं नाही.

गोळ्या घरी आल्यावर

डॅब्राफेनिब बारा तासांच्या अंतराने दोनदा, ट्रॅमेटिनिब दिवसातून एकदा. दोन्ही रिकाम्या पोटी: जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तास. ट्रॅमेटिनिब फ्रीजमध्ये ठेवायची असते. एसटीने लांबचा प्रवास असेल, तर बर्फाच्या पिशवीचा डबा लागेल का, ते औषध घेतानाच दुकानदाराला विचारून घ्या. डबीतली ओल शोषणारी पुडी काढून टाकू नका.

या जोडीचा सगळ्यांत नेहमीचा त्रास म्हणजे ताप, कधी कधी थंडी वाजून. घरात थर्मामीटर ठेवा. १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप गेला की पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. बहुधा ते ताप उतरेपर्यंत गोळ्या थांबवायला सांगतात. मनाने कायमच्या बंद करू नका. डोळ्यांना अंधुक दिसणं, पायांवर सूज, चालताना दम लागणं, अंगावर मोठं पुरळ यांतलं काहीही त्याच दिवशी कळवा. काढे, भस्मं, ‘इम्युनिटी’च्या पुड्या चालू असतील तर लपवू नका. या गोळ्यांचं इतर औषधांशी जुळत नाही असं बऱ्याचदा होतं.

श्वासाचा निर्णय रात्री दोन वाजता घेऊ नका

गाठ श्वासनलिका दाबू लागली, तर ट्रॅकिऑस्टॉमी म्हणजे गळ्याला छिद्र पाडून नळी बसवणं हा एक मार्ग असतो. नेहमीच्या पेशंटमध्ये हे ऑपरेशन सोपं, इथे अवघड, कारण छिद्र पाडायच्या जागीच गाठ असते. काही होण्याआधीच ‘सुरक्षित म्हणून’ ते करत नाहीत. पण श्वास खरोखर अडू लागला तर करायचं की नाही, हे आधीच बोलून ठेवावं लागतं. उपचार चालू असतील आणि गाठ आकसण्याची शक्यता असेल, तर नळी वेळ मिळवून देते. आजार सगळीकडे पसरलेला असेल, तर नळीने गुदमरणं टळतं, पण नळीबरोबरचं जगणंही सोपं नसतं: बोलणं बंद, दर काही तासांनी कफ ओढणं, आतली नळी धुणं. नळी घेऊन घरी येणार असाल, तर सक्शन मशीन आणि वीज गेल्यावर चालेल असं पायाने चालवायचं सक्शन, दोन्हींची सोय करा. रुग्णालय सोडण्याआधी घरातल्या किमान दोघांनी नर्ससमोर नळी साफ करून दाखवावी.

आणि हा निर्णय पेशंटचा आहे. इथे आपल्या घरांची जुनी अडचण येते: ‘आईला काही सांगू नका, ती खचेल.’ गाठ आहे, इंजेक्शनने जाईल, असं सांगून वेळ मारून नेली जाते. इतर आजारांत यावर वाद घालता येईल. या आजारात माझं मत स्पष्ट आहे की सांगावंच. आवाज आज आहे, पुढच्या महिन्यात असेलच असं नाही. आईला काय हवं आहे, व्हेंटिलेटर हवा की नको, शेवटी घरी राहायचं की रुग्णालयात, हे तिच्याच तोंडून ऐकायला आत्ताच वेळ आहे. सगळं एका दमात सांगायची गरज नाही. ‘तुला किती जाणून घ्यायचं आहे?’ असं विचारून सुरुवात करता येते. उपचारांबद्दलची अशी इच्छा आधीच लिहूनही ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये अशा वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही पुरते.

खाणं

वजन दर आठवड्याला लिहून ठेवा. ठसका पाण्याने सर्वाधिक लागतो. दाट पदार्थ सहसा सोपे जातात. नाचणीची आंबील, मऊ खिमट, मुगाचं दाट कढण, दही, मिक्सरमधून काढलेलं वरण-भात. खाताना ताठ बसवा, हनुवटी थोडी छातीकडे, आणि खाल्ल्यावर अर्धा तास आडवं करू नका. जेवण निम्म्यावर आलं तर नाकातल्या नळीची किंवा पोटातल्या पेग नळीची चर्चा लगेच सुरू करा.

पैसे आणि राहायची सोय

महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना. ऑपरेशन, रेडिएशन, केमो यांची पॅकेजं त्यांत असतात. महागड्या नव्या गोळ्या बसतीलच असं धरू नका. रुग्णालयातल्या मेडिकल सोशल वर्करना पहिल्याच दिवशी भेटा. मुख्यमंत्री सहायता निधीचे अर्ज, ट्रस्टची मदत, औषध कंपन्यांच्या सवलत योजना यांचे कागद त्यांना पाठ असतात. रेशनकार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला यांच्या प्रती पिशवीत तयार ठेवा. कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबतच्या एकाला रेल्वे भाड्यात सवलत मिळते, त्याचा फॉर्म रुग्णालयच भरून देतं. परळजवळ राहायला दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे. दोन्हीकडे रुग्णालयाची चिठ्ठी लागते आणि जागा लवकर भरतात.

पॅलिएटिव्ह टीम पहिल्या आठवड्यातच

हे नाव ऐकलं की घरच्यांना वाटतं, आता संपलं. तसं नाही. दुखणं, धाप, झोप, भीती यांवर काम करणारी ही माणसं असतात आणि केमो-रेडिएशन चालू असतानाच ती हवीत. तोंडाने घ्यायचं मॉर्फिन दुखण्यावर चालतंच, थोड्या मात्रेत धापेवरही चालतं. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत त्याची सवय लागेल अशी भीती बाळगू नका. बद्धकोष्ठतेचं औषध मात्र बरोबर घ्या. धाप लागली की उशांना टेकवून बसवा आणि चेहऱ्यावर छोटा पंखा धरा. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र १९९७ पासून हेच काम करतं. गाठीतून रक्त येण्याची शक्यता डॉक्टरांनी सांगितली असेल, तर गडद रंगाचे टॉवेल हाताशी ठेवा. पांढऱ्यावर थोडं रक्तही पेशंटला फार घाबरवतं. रात्री कोणाला फोन करायचा, तो नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

उपचार लागू पडले तर

पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी स्कॅन होतात. थायरॉईड काढलं असेल तर थायरॉक्सिनची गोळी आयुष्यभर, सकाळी उपाशीपोटी. थायरोग्लोब्युलिनची रक्तचाचणी साध्या थायरॉईड कॅन्सरमध्ये उपयोगी असते, इथे तिच्यावर विसंबू नका. सततची डोकेदुखी, तोल जाणं किंवा फेफरं आलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता मेंदूचा एमआरआय मागा. आणि गोळ्या चालू असताना गाठ पुन्हा वाढू लागली, तर नवा तुकडा घेऊन जनुकांची चाचणी पुन्हा करता येईल का, हे विचारा. आजार कोणत्या नव्या वाटेने निसटला हे त्यातून कधी कधी सापडतं, आणि पुढचं औषध त्यावरून ठरतं.